पार्कोर जॅम + तंबूत मुक्काम (पवना, २४ ते २६ जानेवारी) – लेकीला पाठवावं का? कोणी गेलंय का?

बाबा_मोड_ऑन (६ जानेवारी, रात्री ११.१२)

मंडळी, मुद्द्यावरच येतो. लेक १६ वर्षांची, अकरावीत. गेलं दीड वर्ष पार्कोर करतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भिंती, कठडे, रेलिंग, पायऱ्या यांच्यावरून पळत, उड्या मारत, लोंबकळत पलीकडे जायचं. दोरी नाही, हेल्मेट नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या भाषेत "माकडचाळे". त्यांनी जिन्याच्या कठड्याला तेल लावायची धमकी दिली होती, तो वेगळा विषय.

तर आता २६ जानेवारीला जोडून सुट्टी आलीये आणि पवनानगरच्या बाजूला एका शेतावर यांचा "जॅम" आहे. तीन दिवस, दोन रात्री, तंबूत झोपायचं, साधारण साठेक पोरं देशभरातून येणार. बांबूची परांची बांधतात, शेतात मोठमोठे दगड आहेत त्यांच्यावर सराव. माणशी ३८०० रु., जेवणासकट. १८ च्या आतल्यांना पालकांची सही लागते आणि पालकाला यायचं असेल तर येऊ शकतो. लेकीने मला परवानगी दिलीये, अट एकच, "बाबा, ओळख दाखवायची नाही."

प्रश्न असे की हे कितपत सुरक्षित? जॅम म्हणजे नक्की काय करतात? आणि मी, वय ४७, वजन ९२, तिथे तीन दिवस काय करू? बायको म्हणते नाही म्हणायचं असेल तर तूच सांग तिला, मी वाईट होणार नाही. मनातून सांगायचं तर मी नाहीच म्हणणारे, फक्त कारण शोधतोय.

पेठेतला_प्रशांत

उड्या मारायचे ३८०० रुपये??? आम्ही वाड्याच्या पत्र्यावरून शेजारच्या वाड्यात फुकट उड्या मारायचो, वर घरी मार मिळायचा तो बोनस. हल्ली मी रोज फुटपाथवरून ऑफिसला चालत जातो, दोन उघडी चेंबर्स, एक फळवाला आणि उलट्या दिशेने आलेली स्कूटर, हेही पार्कोरच की. मलाच कोणीतरी पैसे द्या.

कोकणी_काकू

मला तर वाचून सूरपारंब्या आठवल्या हो. काठी लांब भिरकवायची, ज्याच्यावर राज्य तो ती आणून रिंगणात ठेवेपर्यंत सगळी पोरं झाडावर, मग तो वर चढला की या पारंबीवरून त्या पारंबीवर आणि धप्पकन खाली. आम्ही मुलीही परकराचा काचा मारून खेळायचो, वडाखाली काय गादी घातलेली होती? माझा हात आयुष्यात दोनदा मोडलाय. एकदा न्हाणीघरात घसरून आणि एकदा माळ्यावरची बरणी काढताना स्टूल कलंडून. झाडावरून एकदाही नाही. पाठवा हो तिला.

स्पष्टवक्ती

काकू, तुमच्या वेळचं वेगळं. बाबा_मोड_ऑन, मी वाईटपणा घेते. आयोजकांना फोन करून विचारा की प्रथमोपचार येणारं माणूस पूर्ण वेळ आहे का, सगळ्यात जवळचं मोठं हॉस्पिटल किती मिनिटांवर आणि रात्री गाडी तयार असते का, मुलींचे तंबू वेगळे का, आयोजकांत बाई कोण, धरणाच्या पाण्यात उतरू देतात का. ही उत्तरं थातुरमातुर आली की तुम्हाला नाही म्हणायचं कारण मिळालं. आणि साठ पोरांमागे मोठी माणसं किती हेही विचारा. "सगळे एकमेकांची काळजी घेतात" हे उत्तर चालणार नाही, माझ्या भाच्याच्या ट्रेकला हेच सांगितलं होतं आणि पोरगा दोन तास मागे राहिल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

उडती_खार

अरे वा, मायबोलीत पार्कोरवर धागा, पहिल्यांदाच बघतेय. मी मुंबईची, २७ वय, सहा वर्षं पार्कोर करतेय आणि याच शेतावरच्या जॅमला दोनदा जाऊन आलेय, यंदा ऑफिसमुळे जमत नाहीये (डोळ्यात पाणी). त्यामुळे लांबण लावते, सांभाळून घ्या.

जॅम म्हणजे स्पर्धा नाही. क्लासही नाही. सगळे एका जागी जमतात आणि आपापलं खेळतात, एवढंच. सकाळी गोल करून वॉर्म अप, तो तासभर चालतो, मग चौपायी चाल म्हणजे हातापायांवर, गुडघे जमिनीपासून वीतभर वर, अख्ख्या शेताला फेरी. नवीन लोकांना वाटतं हे काय लहान मुलांचं, आणि पंधरा मीटरमध्ये खांदे भरून येतात. मग जो तो आपला दगड, आपली भिंत शोधतो. एकाने काही भारी शोधलं की बाकीचे गोळा होतात. "प्रिसिजन" म्हणजे एका काठावरून उडी मारून दुसऱ्या काठावर दोन्ही पाय टेकवून थांबायचं, पुढे तोल जाता कामा नये. "कॅट" म्हणजे समोरच्या भिंतीला हातांनी लटकायचं, पायांचे तळवे भिंतीला. "काँग" म्हणजे दोन्ही हात टेकवून मधून पाय काढायचे, गोरिलासारखं. उंचावरून आलो तर खांद्यातून तिरकी कोलांटी घ्यायची, शाळेतली सरळ कोलांटी नाही, ती मणक्यावर येते.

रीलमध्ये जी एक उडी दिसते ना, ती आधी जमिनीवर दोन रेघा मारून पन्नास वेळा मारलेली असते. अंतर आम्ही बुटांनी मोजतो, आपलाच बूट आपलंच माप, टाचेला टाच लावत. माझी जमिनीवरची साडेनऊ बूट आहे, म्हणून मी उंचावर आठच्या वर जात नाही. हे गणित तुमची लेक दीड वर्षात शिकली नसेल तर तिच्या कोचला पकडा. शिकली असेल तर तिला नुसतं विचारा "तुझे किती बूट?", ती तुमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघेल :-)

स्पष्टवक्ती ताईंचे प्रश्न बरोबर आहेत. मागच्या वेळी प्रथमोपचाराची पेटी होती पण ती कोणाच्या गाडीत आहे हे शोधायला दहा मिनिटं लागली, ते मला स्वतःला आवडलं नव्हतं. मुलींचे तंबू वेगळे होते. मुली साठात बारा-तेरा. शौचालयं तंबूंपासून लांब आहेत, रात्री हेडटॉर्च मस्ट.

पेठेतला_प्रशांत

टायपो की विनोद? मायबोली हे संकेतस्थळ वेगळं, धागा इथे आहे. बाकी प्रतिसाद माहितीपूर्ण, बूट मोजायला घेतलेत. माझा दीड.

उडती_खार

मायबोलीत म्हणजे मराठीत हो काका!

पेठेतला_प्रशांत

काका???

हाडवैद्य

अस्थिरोगाच्या ओपीडीत वीस वर्षं बसतोय, म्हणून दोन शब्द. या पोरांमध्ये दिसतात त्या मुरगळलेले घोटे, मनगटं, खरचटलेल्या नडग्या, टाचदुखी, गुडघ्याच्या वाटीखालचं दुखणं. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, तिला रोजच्या रोज उंचावरून आदळणं मानवत नाही, म्हणून उंची हळूहळू वाढवायची, आणि एका दिवसात किती उतरलो त्याचा हिशोब ठेवायचा. तीन दिवसांच्या शिबिरात धोका पहिल्या दिवशी नसतो. तिसऱ्या दिवशी दुपारी असतो. पाय दमलेले आणि परतीच्या आधी "एक शेवटची". ती शेवटची आमच्याकडे येते.

घोटा मुरगळला तर घरगुती कसोटी: लगेच आणि थोड्या वेळाने चार पावलं टाकता येतात का बघा, लंगडत का होईना. चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर कळ येत असेल तर एक्सरे. पावलाचा मधला भाग आणि बाहेरची कडही बघतात, पण घरच्या घरी एवढं पुरे. आणि कृपा करून कोणी हाड बसवणाऱ्याकडे चोळून घ्यायला जाऊ नका.

इतिहासाचा_किडा

या खेळाची वंशावळ भारी आहे. जॉर्ज एबेर नावाचा फ्रेंच नौदल अधिकारी. मे १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखीचा स्फोट झाला, सेंट पिएर हे अख्खं शहर गेलं, तेव्हा याने शेकडो लोकांना बाहेर काढण्याच्या कामात भाग घेतला. पुढे त्याने धावणं, चढणं, उचलणं, तोल सांभाळणं, पोहणं अशी "नैसर्गिक पद्धत" मांडली. त्याचं ब्रीद होतं, बलवान हो, म्हणजे उपयोगी पडशील. त्यातून फ्रेंच सैन्याचे अडथळ्यांचे मार्ग आले, त्यांना म्हणतात "पार्कूर द्यु काँबातां". रेमाँ बेल हा व्हिएतनाममध्ये वाढलेला, पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलातला नावाजलेला जवान, त्याने ते आत्मसात केलं, आणि त्याचा मुलगा दाविद बेल आणि त्याचे मित्र यांनी पॅरिसच्या बाहेरच्या उपनगरांत त्याचं आजचं रूप घडवलं. १९९७ साली नऊ जणांचा यामाकासी हा गट झाला, हा शब्द काँगोतल्या लिंगाला भाषेतला. म्हणजे मूळ हेतू आग लागली तर धावून जाणं हा, रील नाही.

पेठेतला_प्रशांत

पण हिरकणीला विसरलात. बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा रात्रीच्या अंधारात उतरली, ना गादी ना हेडटॉर्च. आद्य पार्कोरपटू आमचीच. फ्रेंचांनी श्रेय घेऊ नये.

मल्लखांबी

विनोद सोडा पण मुद्दा आहे. मी आठ वर्षांचा असल्यापासून खांबावर. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाला पुन्हा उभं केलं, आणि आमच्या आखाड्यात सांगतात की त्यांनी माकडांचे खेळ बघून पकडी बसवल्या. आता वर खार ताई काय म्हणाल्या, काँग म्हणजे गोरिला. सेक्रेटरींना सांगा, माकडचाळे ही शिवी नाही, घराणं आहे.

माझ्याकडे दोन पार्कोरवाली मुलं येतात, हाताची पकड वाढवायला. उतरताना आवाज येत नाही त्यांचा. आमच्या पोरांना मी वर्षानुवर्षं ओरडतोय, उडी टाकली की मातीचा धप्प आवाज आला नाही पाहिजे. ही मुलं सिमेंटवर मांजरासारखी उतरतात, पायाच्या चवड्यांवर, मग गुडघे. हे शिकलेल्या मुलीची मला काळजी वाटणार नाही. एक मात्र, माती आणि कातळ यात फरक आहे. ती आजवर कुठल्या पृष्ठभागावर सराव करते ते विचारा. शहरातल्या रेलिंगची सवय असलेल्याला दगडावरचं शेवाळ आणि सुटी रेव कळत नाही.

रील_राजे

भाऊ तिथूनच लोहगड जवळ आहे ना, तिथल्या विंचूकाटा माचीवर काय कडक शॉट येईल पार्कोरचा. बुरुजावरून बुरुजावर. ड्रोन असेल तर एक नंबर. आयोजकांना सुचवा की.

सह्यभटक्या

राजे, नाव राजे घेतलंत म्हणून जरा जास्त बोलतो. लोहगड केंद्र संरक्षित स्मारक आहे, १९५८ च्या कायद्याखाली. जुलै २०२५ मध्ये जे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले त्यातलाही एक. तटावरून उड्या मारायला ती तुमच्या आजोबांची बैठ्या चाळीची भिंत नव्हे. शेकडो पावसाळे खाल्लेला तट आहे, चुना जागोजागी निघालाय, वरचा चिरा पायाखाली हलला तर तुम्ही जाल ते जाल, खाली वाटेवरून कोणाची तरी आजी पोराचं बोट धरून चढत असते. आणि कड्याकपारीत आग्यामोहोळं असतात, ड्रोनचा आवाज, धूर, अत्तर, कशानेही उठतात. तेव्हा पार्कोर कामी येत नाही, घोंगडीही नाही. आम्ही दर दोन महिन्यांनी किल्ल्यावरून पोतं पोतं कचरा उतरवतो आणि हे येतात शॉट घ्यायला.

रील_राजे

एवढं काय चिडायचं, सुचवलं फक्त.

सह्यभटक्या

सुचवूही नका.

उडती_खार

+१ सह्यभटक्या. आमच्यातही हा नियम पाळतात, निदान पाळावा अशी अपेक्षा असते. जुनं बांधकाम, देऊळ, स्मारक, कोणाचं घर, यावर पाय ठेवायचा नाही, आणि निघताना आपल्या बुटांचे ठसे पुसून जायचं. वॉचमन हाकलतो तेव्हा हुज्जत घालायची नाही, नमस्कार करून निघायचं. नेरुळच्या बागेत एक वॉचमन काका होते, आठ महिने हाकलत होते, नंतर स्वतःच सांगायला लागले "तो कोपऱ्यातला कठडा हलतोय, त्यावर नका जाऊ".

लोणावळा_लोकल

पोचायचं कसं हे कोणीच लिहिलं नाही, सगळे इतिहासात. पुणे-लोणावळा लोकलने कामशेतला उतरा, तिथून पवनानगरला जीप किंवा एसटी. जुनी माणसं पवनानगरला काळे कॉलनीच म्हणतात, जीपवाल्याला तेच सांगा. जोडून सुट्टी म्हणजे एक्सप्रेसवेवर सकाळी सात नंतर गाडी घालू नका, शनिवारी तर नाहीच.

माझं घर तिथून जवळ, म्हणून जास्तीचं. धरणाकाठी तंबूंच्या शे-दोनशे जागा झाल्यात, प्रत्येकाचा स्पीकर वेगळा. तुमची पोरं दहाला झोपणारी असली तरी शेजारची "झिंगाट"वाली असू शकतात. पाण्यात कोणालाही उतरू देऊ नका, काठ उथळ दिसतो आणि एकदम खोल होतो, गाळात पाय अडकतो, दर वर्षी बातम्या येतात. पहाटे कडक थंडी, दंव इतकं की तंबू आतून ओला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेऊ नका, विझत आलेलीसुद्धा. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

सह्यभटक्या

+१००. शिवाय बूट तंबूबाहेर ठेवले तर सकाळी झटकून घालायचे. दगड उचलताना बोटं खाली घालायची नाहीत, विंचू.

हाडवैद्य

विंचवावरून, माझं क्षेत्र नाही पण महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. कोकणात लाल विंचू चावून माणसं पटापट जायची, त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून ते चित्र पालटलं. तेव्हा मंत्रतंत्र नको, थेट दवाखाना.

एव्रीची_वैदेही

उशिरा आले धाग्यावर. मी पॅरिसच्या दक्षिणेला एव्रीला राहते, आणि किडा यांनी लिहिलेल्या दाविद बेलचं गाव म्हणजे लिस, माझ्या घरापासून सायकलवर. तिथे तळ्याकाठी एक मोठ्ठं काँक्रीटचं शिल्प आहे, "दाम द्यु लाक", तळ्याची बाई. गिर्यारोहणाच्या सरावाला म्हणून केलेलं, नव्वदीतल्या त्या पोरांनी त्यावर चढून-उतरून ते जगप्रसिद्ध केलं. आता सभोवती कुंपण, वर जायला बंदी. तरी जगभरातून पोरं येतात. पाठीवर सॅक, पायात पातळ तळव्याचे बूट, रेर डी गाडीतून उतरतात, विचारत विचारत येतात, कुंपणाबाहेर उभी राहतात. आषाढीला रांग लांब असली की आपण कळसाचं दर्शन घेऊन परततो ना, तसंच. मग शेजारच्या शाळेच्या कठड्यावर चार उड्या मारतात आणि जातात. एकदा एका पोराला मी पाणी दिलं, तो ब्राझीलहून आला होता आणि त्याने त्या शिल्पावर चढायचा प्रयत्नही केला नव्हता, नुसता दोन तास बसून बघत होता.

स्पष्टवक्ती

छान लिहिलंय वैदेही. पण धागा भरकटला. माझ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली का? आणि हे स्पर्धा नाही वगैरे ठीक, पण साठ पोरं एकमेकांसमोर उभी असली की स्पर्धा होतेच. मुलांचा स्वभाव आहे तो. कोणी "मार ना, घाबरतेस काय" म्हटलं की झालं.

उडती_खार

ताई, तुमचं पूर्ण चूक म्हणणार नाही. असे ग्रुप असतात. आता तर अधिकृत स्पर्धाही आहेत, २०२२ मध्ये टोकियोत जिम्नॅस्टिक्सच्या जागतिक महासंघाने पहिली जागतिक स्पर्धा घेतली, आणि त्यावरून जगभरातल्या जुन्या लोकांनी केवढा विरोध केलाय, की आमचा खेळ गुणांवर मोजू नका म्हणून. पण चांगल्या जॅममध्ये दुसऱ्याला "मार" म्हणणं हे सगळ्यात वाईट समजतात. मी स्वतः एका मुलाला यासाठी बाजूला नेऊन झापलंय.

स्पष्टवक्ती

झापावं लागलं म्हणजे म्हणतात पोरं.

उडती_खार

…हो. म्हणतात.

बाबा_मोड_ऑन (१० जानेवारी)

सगळ्यांचे आभार. आयोजकांना फोन केला, स्पष्टवक्तींची यादी समोर ठेवून. एक सोडून सगळी उत्तरं नीट मिळाली. ते एक, रात्रीच्या गाडीचं, "बघतो" होतं, दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून सांगितलं की एक गाडी आणि ड्रायव्हर मुक्कामी ठेवतोय. लेकीला जेवताना सहज विचारलं, तुझे किती बूट? घास हातातच राहिला तिचा. "दहा. तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, आमचेही सोर्सेस असतात.

जातोय. मीही.

पेठेतला_प्रशांत

वृत्तांत पाहिजे. फोटोसकट. ९२ किलोच्या चौपायी चालीचा तरी.

बाबा_मोड_ऑन (२८ जानेवारी, रात्री १२.४०)

वृत्तांत. फोटो नाहीत, लेकीचा व्हेटो.

शनिवारी सकाळी सहाची लोकल, कामशेतला पोहे, जीपवाल्याला काळे कॉलनी म्हणालो आणि तो खूश. शेतावर पोचताच लेक मला "काका" म्हणाली आणि गर्दीत गेली. तंबू उभा करायला मला पाऊण तास लागला, शेजारच्या कोल्हापूरच्या पोराने सहा मिनिटांत केला आणि मग माझाही उतरवून नीट केला. जेवण झकास, पिठलं-भाकरी-ठेचा, दुसऱ्या दिवशी मिसळ. चौपायी चाल केली. बारा मीटर. प्रशांत, तुम्ही करून बघा आणि मग बोला.

आता लिहायचं ते. शेताच्या वरच्या अंगाला दोन दगड आहेत, छातीइतके उंच, मधे अंतर. लेकीने बुटांनी मोजलं, नऊ. जमिनीवर रेघा मारून दहा वेळा मारली, दहाही वेळा बरोबर. मग वर चढली, काठावर उभी राहिली, हात मागे नेले, गुडघे वाकवले, आणि सरळ झाली. पुन्हा. पुन्हा. मी लांबून दुसरीकडे बघत असल्यासारखं करत बघत होतो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. बाकीची पोरं येत होती, त्याच दगडावरून मारून जात होती, ती बाजूला सरून जागा द्यायची आणि पुन्हा काठावर. कोणी काही बोललं नाही. एका मुलीने फक्त तिच्या हातात फडकं दिलं, तळवे पुसायला. चाळीस मिनिटं उभी होती पोरगी.

आणि मंडळी, त्या चाळिसाव्या मिनिटाला माझ्या तोंडात आलं होतं, "अगं मार ना!" मी. जो नाही म्हणायला कारण शोधत होता. अक्षरशः ओठांवर आलेलं गिळलं. स्पष्टवक्ती, तुमचं खरं होतं, कोणीतरी म्हणतंच, फक्त ते पोरांपैकी नव्हतं.

ती खाली उतरली. पाणी प्यायली आणि दुसरीकडे जाऊन सात बुटांची एक उडी संध्याकाळपर्यंत मारत बसली. रात्री शेकोटीपाशी मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाली, "आज पाय हो म्हणत नव्हते." एवढंच. मग म्हणाली, "बाबा, तू बघत होतास ना, मला कळत होतं, म्हणून पण जरा जड गेलं." यावर काय बोलणार. रविवारी मी त्या बाजूला फिरकलोच नाही, स्वयंपाकघरात कांदे चिरले, साठ माणसांचे.

सोमवारी सकाळी दंवाने दगड ओले होते, आयोजकांनी नऊपर्यंत कोणाला चढू दिलं नाही. दुपारी आवराआवर. तो दगड तसाच राहिला.

आता जखमींची यादी. साठ पोरांत दोन खरचटलेल्या नडग्या, एक हाताचा फोड. आणि एक मुरगळलेला घोटा, तो माझा. रविवारी पहाटे तीनला शौचालयाकडे जाताना तंबूच्या दोरीत पाय अडकला. हेडटॉर्च होता, सॅकमध्ये. शेजारच्या कॅम्पचा स्पीकर चालू होता म्हणून माझी बोंब कोणाला ऐकू गेली नाही. लेकीने क्रेप बँडेज बांधलं, मग म्हणाली "चार पावलं टाकून दाखव". हा धागा ती वाचते हे तेव्हा कळलं. टाकली. एक्सरे नाही. सकाळी सगळ्या कॅम्पमध्ये पसरलं होतं, कोल्हापूरचा पोरगा येऊन गंभीरपणे म्हणाला, "काका, लँडिंग चुकलं."

कोकणी_काकू

मी म्हटलं नव्हतं? स्टूल, न्हाणीघर आणि आता दोरी. झाडावरून कोणी पडत नाही.

हाडवैद्य

चार पावलं टाकली तरी दोन आठवडे जपा. पाय उंचावर ठेवा. चोळू नका. पुन्हा सांगतो, चोळू नका.

स्पष्टवक्ती

प्रामाणिक लिहिलंत. माझा भाचा विचारतोय पुढचा कधी. मी विचार करतेय, अजून हो म्हटलेलं नाही.

मल्लखांबी

"आज पाय हो म्हणत नव्हते." पोरीला माझ्या आखाड्यात पाठवा, फी नको.

पेठेतला_प्रशांत

चौपायी चाल करून बघितली, हॉलमध्ये. सोफ्यापासून टीव्हीपर्यंत. बायकोने व्हिडिओ काढून सासरच्या ग्रुपवर टाकलाय. बारा मीटरबद्दल मनापासून आदर.

उडती_खार

बाबा_मोड_ऑन, एक विचारू? वरच्या अंगाचे दोन दगड म्हणजे करवंदाच्या जाळीजवळचे का, डावा थोडा उतरता?

बाबा_मोड_ऑन

हो, तेच. का हो?

उडती_खार

माझ्या मापाने ते आठ बूट. दोन वर्षं झाली, दोन्ही जॅमला उभी राहून खाली उतरलेय.

बाबा_मोड_ऑन

लेकीला वाचून दाखवलं. स्क्रीनशॉट काढून घेतला आणि विचारतेय, पुढच्या वर्षी तुम्ही नक्की येणार आहात ना.